माणसांवरचं आरोग्य संशोधन प्रसिद्ध करायचंय? कमिटीच्या मंजुरीपासून जर्नलपर्यंतचा क्रम

शोधनिबंध पाठवला की काही आठवड्यांनी संपादकांचा मेल येतो: एथिक्स कमिटीचं (माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीचं) पत्र आणि संमतीपत्राचा कोरा नमुना पाठवा. मग कपाटं उघडतात, माजी रेसिडेंटना फोन जातात. पत्र सापडतं, पण त्यावरची तारीख पहिला पेशंट घेतल्यानंतरची निघते. नाहीतर मंजुरी शंभर पेशंटना असते आणि निबंधात एकशे चाळीस असतात. केस रिपोर्ट असेल तर फोटो असतो, पण तो छापायची परवानगी कुणी घेतलेलीच नसते.

अशा वेळी दुरुस्त करण्यासारखं फार थोडं उरतं, कारण मागच्या तारखेची मंजुरी मिळत नाही आणि कुणी दिलीच तर ती घेऊ नये. प्रकाशनाची नैतिकता ही शेवटच्या पानावर टाकायची ओळ आहे असं समजून बहुतेक जण चालतात. खरं तर निबंध छापण्यालायक आहे की नाही, ते पहिल्या पेशंटची सही घेण्याआधीच ठरून गेलेलं असतं. म्हणून खालचा क्रम महत्त्वाचा. एमडी-एमएस, आयुर्वेद, नर्सिंग, फिजिओथेरपीचे विद्यार्थी आणि गावपातळीवर सर्वेक्षणं करणाऱ्या संस्था, सगळ्यांना थोड्याफार फरकाने तो लागू पडतो. औषध कंपन्यांच्या नव्या औषधाच्या चाचण्या इथे धरलेल्या नाहीत. त्यांना २०१९ चे नवे औषध आणि क्लिनिकल चाचणी नियम लागतात आणि तो वेगळाच पसारा आहे.

## टप्पा १: आपलं काम कोणत्या प्रकारात मोडतं ते आधी ठरवा

इथे चुकलं की पुढचं सगळं चुकतं.

पेशंटवर काहीतरी करणार आहात: औषध, काढा, व्यायाम, भुलीची पद्धत, समुपदेशन, काहीही. ही चाचणी झाली. एथिक्स कमिटीची मंजुरी हवी आणि पेशंट घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणीही हवी. "दोन्ही औषधं रोजच्या वापरातलीच आहेत, मग ही चाचणी कशी?" असं बरेच जण विचारतात. कोणाला कोणतं द्यायचं हे पेशंटच्या गरजेऐवजी तुमच्या अभ्यासाच्या यादीने ठरत असेल, तर ती चाचणीच.

फक्त पाहणार, मोजणार, विचारणार आहात: निरीक्षणात्मक अभ्यास. कमिटी लागते, संमती लागते. सीटीआरआयची सक्ती नसते, पण नोंदणी करता येते.

जुने केसपेपर चाळणार आहात: इथे सर्वाधिक गैरसमज आहे. "पेशंटला हातच लावणार नाही, मग परवानगी कशाला?" परवानगी लागतेच. संमती माफ होऊ शकते, पण ती माफी कमिटी देते. संशोधकाने स्वतःच स्वतःला द्यायची नसते.

गूगल फॉर्मवर प्रश्नावली: हेही माणसांवरचंच संशोधन आहे. फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरला म्हणून त्याचा प्रकार बदलत नाही.

एकाच पेशंटची केस: कमिटीबाबत प्रत्येक संस्थेचा नियम वेगळा असतो, तो लेखी विचारून घ्या. छापण्यासाठी पेशंटची संमती मात्र कुठेही माफ नाही. अनेक पेशंटची मालिका केलीत, तर सरळ संशोधन समजून कमिटीकडे जा.

> तपासा: "हे संशोधन नाही, विभागाचं ऑडिट आहे" असं वाटत असेल आणि पुढे छापायची थोडीशीही इच्छा असेल, तर आजच कमिटीला पत्र लिहून सूट मागा. सूट मिळाल्याचं पत्र हेही एक पत्रच असतं आणि संपादक तेच मागतो.

## टप्पा २: कमिटीकडे जाण्याआधीची तयारी

प्रोटोकॉल (अभ्यासाचा लेखी आराखडा), माहितीपत्रक, संमतीपत्र, प्रश्नावली, संशोधकांचे बायोडेटा आणि खर्चाचा तपशील, एवढं सगळे जोडतात. राहून जातात त्या तीन गोष्टी.

पहिली, तपासण्यांचा खर्च. अभ्यासासाठी जास्तीची तपासणी करणार असाल, तर तिचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नाहीत. "नेहमीच्या उपचारातलीच आहे" असं लिहून हार्मोनचं प्रोफाइल पेशंटच्या माथी मारलेलं कमिटीतला अनुभवी डॉक्टर लगेच ओळखतो. पैसे कुठून येणार ते स्पष्ट लिहा. नसतील तर ती तपासणीच काढून टाका.

दुसरी, इतर परवानग्या. आश्रमशाळेत काम असेल तर आदिवासी विकास विभाग, अंगणवाडीत असेल तर महिला व बालविकास विभाग, परदेशी निधी किंवा सहकार्य असेल तर आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातलं एक कलम फार कमी जणांना माहीत असतं. पेशंट स्वतः संमती देण्याच्या स्थितीत नसेल, तर संशोधनासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नातेवाइकाची सही पुरत नाही.

तिसरी, लेखकांची यादी. आत्ता, निकाल हातात येण्याआधी. एका कागदावर कोण काय करणार ते लिहा आणि सगळ्यांनी सह्या करा. दोन वर्षांनी हाच कागद तुमची मैत्री वाचवतो. यावर पुढे टप्पा ८ मध्ये येऊ.

## टप्पा ३: माहितीपत्रक आणि संमतीपत्र

सर्वाधिक वेळ इथे द्या. बहुतेक ठिकाणी उलटं होतं: मागच्या बॅचचं संमतीपत्र घ्यायचं, शीर्षक बदलायचं, झालं. गुडघ्याच्या अभ्यासाच्या संमतीपत्रात "प्रसूतीदरम्यान" हा शब्द राहून गेलेला दिसतो, तो असा.

मराठी संमतीपत्राचा मोठा दोष म्हणजे ते मराठीत नसतं, शासकीय परिपत्रकाच्या भाषेत असतं. हे वाचा:

*"सदर संशोधन प्रकल्पातील सहभाग हा पूर्णतः ऐच्छिक स्वरूपाचा असून सहभागी व्यक्तीस कोणत्याही टप्प्यावर कारण न देता सहभाग संपुष्टात आणण्याचा अधिकार राहील."*

चुकीचं काही नाही, पण सातवी शिकलेल्या बाईला यातलं काय कळलं? आता हे:

*"या अभ्यासात यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. नाही आलात तरी इथले तुमचे उपचार नेहमीसारखेच होतील. आज हो म्हणालात आणि उद्या नको वाटलं, तर तसं सांगा. कारण सांगायची गरज नाही."*

लांबी जवळपास तेवढीच आहे. दुसरा मजकूर मोठ्याने वाचता येतो, आणि ओपीडीत तो बहुतेक वेळा वाचूनच दाखवला जातो. संमतीपत्र तयार झाल्यावर वॉर्डातल्या मावशींना वाचायला द्या आणि "यात काय लिहिलंय?" असं विचारा. त्यांनी सांगितलेलं तुमच्या हेतूशी जुळलं नाही, तर मजकूर पुन्हा लिहा.

काही शब्दांपाशी सगळेच अडखळतात. यादृच्छिकीकरण लिहू नका. "तुम्हाला दोनपैकी कोणतं औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरेल, डॉक्टरही ते निवडणार नाहीत" असं लिहा. प्लासिबो म्हणजे "दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी". रक्त किती घेणार तर "५ मिली, म्हणजे साधारण एक चमचा".

माहितीपत्रकात या गोष्टी हव्यात: अभ्यास कशासाठी, नेमकं काय करणार आणि किती वेळा यावं लागेल, त्रास किंवा धोका काय, फायदा काय (नसेल तर "तुम्हाला थेट फायदा नाही" हे स्पष्ट), दुसरे उपचार कोणते आहेत, इजा झाली तर उपचाराची जबाबदारी कोणाची, प्रवासखर्च किंवा बुडालेल्या रोजाचं काय, माहिती कोण पाहणार, आणि दोन फोन नंबर. एक संशोधकाचा, दुसरा कमिटीच्या सदस्य सचिवांचा. पुष्कळांच्या पत्रकात दोन्हीकडे एकच नंबर असतो. तक्रार करायची तर ती ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्याकडेच करायची, असा त्याचा अर्थ होतो.

प्रकाशनाच्या दृष्टीने एक वाक्य कधीही विसरू नका: "या अभ्यासातून निघालेली माहिती तुमचं नाव न देता वैद्यकीय नियतकालिकात छापली जाईल." माहिती किंवा नमुने पुढच्या दुसऱ्या अभ्यासाला वापरायचे असतील, तर त्याला वेगळा चौकोन ठेवा आणि हो-नाही विचारा. उरलेलं रक्त फ्रीजमध्ये आहे म्हणून त्यावर पुढच्या वर्षी दुसरा निबंध, असं चालत नाही.

लहान मुलं: १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती. त्याशिवाय आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ ते १२ वयात मुलाचा तोंडी होकार, १२ ते १८ मध्ये लेखी होकार. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर मुलाचं ऐकायचं.

आश्रमशाळा, वसतिगृहं: मुख्याध्यापक आणि वॉर्डन हे पालक नव्हेत. त्यांचं पत्र म्हणजे शाळेत पाऊल टाकायची परवानगी, त्यापलीकडे काही नाही. २००९-१० मध्ये आंध्र प्रदेशातल्या (आता तेलंगणातल्या) खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीच्या अभ्यासात अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रांवर वॉर्डन-मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. अभ्यास थांबला, प्रकरण संसदीय समितीपर्यंत गेलं. तरीही नंदुरबार-गडचिरोलीतल्या शाळांसाठी "मुख्याध्यापकांच्या संमतीने" असं लिहिलेले प्रस्ताव अजून येतात.

लिहिता-वाचता न येणारे: अंगठा चालतो, पण सोबत निःपक्ष साक्षीदाराची सही हवी. निःपक्ष म्हणजे तुमची इंटर्न किंवा वॉर्डची सिस्टर नव्हे. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचा नातेवाईक चालेल.

भाषा: मेळघाटात कोरकू, भामरागडला माडिया, धडगावला पावरी. मराठी संमतीपत्रावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली असं नाही. लिपीचा प्रश्न असतो, तेव्हा त्या भाषेतलं तोंडी निवेदन लिहून कमिटीकडून मंजूर करून घ्या आणि कोण दुभाष्या होता ते नोंदवा.

> सावध: किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात "तुम्ही सांगितलेलं आम्ही कुणालाही सांगणार नाही" असं वचन देऊ नका. अल्पवयीन मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्याखाली ते कळवणं बंधनकारक आहे. प्रश्नावलीत तसे प्रश्न असतील, तर उत्तर आल्यावर काय करणार हे प्रोटोकॉलमध्येच लिहा.

## टप्पा ४: कमिटीसमोर

कमिटी तुमचे सर चालवत असतील, तरी ती त्यांची नसते. आयसीएमआरच्या तत्त्वांनुसार अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. सदस्य ७ ते १५. बैठकीला किमान ५ हजर आणि त्यात वैद्यकीय नसलेलेही. तुमचा गाईड कमिटीवर असेल, तर तुमच्या प्रस्तावाच्या वेळी त्याने बाहेर जायचं आणि तशी नोंद इतिवृत्तात हवी. अशी नोंद आहे का, हे विचारायला लाजू नका. पुढे शंका निघाली तर अडचण तुमची होते.

पत्र हातात आलं की जागेवरच वाचा. शीर्षक प्रोटोकॉलमध्ये आहे तेच आहे का? सगळ्या संशोधकांची नावं आहेत का? संमतीपत्राची आवृत्ती आणि भाषा लिहिली आहे का? मंजुरी क्रमांक, बैठकीची तारीख, मुदत, कमिटीचा नोंदणी क्रमांक? "अटींसह मंजूर" असेल, तर अटी पूर्ण केल्यावर मिळणारं अंतिम पत्र ही खरी मंजुरी. अटींच्या पत्रावर काम सुरू करणारे खूप आहेत.

> तपासा: विद्यापीठाने थिसिसचा विषय मंजूर केला म्हणजे नैतिक मंजुरी मिळाली असं होत नाही. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं पत्र वेगळं, तुमच्या संस्थेच्या कमिटीचं पत्र वेगळं.

## टप्पा ५: सीटीआरआयवर नोंदणी (चाचणी असेल तर)

क्रम असा: कमिटीची मंजुरी, मग सीटीआरआय क्रमांक, मग पहिला पेशंट. १ एप्रिल २०१८ पासून सीटीआरआय फक्त अजून सुरू न झालेल्या चाचण्या नोंदवतं. त्याआधी "नंतर करू" चालून जायचं, आता नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, योग, फिजिओथेरपी यांनाही हेच.

अर्ज भरला की दुसऱ्या दिवशी क्रमांक येत नाही. शंका विचारल्या जातात, उत्तरं द्यावी लागतात, त्यात आठवडे जातात. हा वेळ वेळापत्रकात धरा. धरला नाही की मोह होतो: क्रमांक यायचाय, पण पेशंट समोर बसलाय, घेऊन टाकू. तो एक पेशंट सगळी चाचणी खाली ओढतो. नोंदणीची तारीख संकेतस्थळावर कुणालाही दिसते आणि संपादक ती पहिल्या पेशंटच्या तारखेशी ताडून पाहतात.

नोंदणीत मुख्य निष्पत्ती (ज्यावरून अभ्यासाचा निकाल ठरणार ते मोजमाप) काय लिहिता, याचा नीट विचार करा. "वेदना कमी होणे" एवढं पुरत नाही. कोणत्या मापाने, कितव्या दिवशी, ते लिहा. निबंधात हीच निष्पत्ती आधी मांडावी लागते, निकाल मनासारखा असो वा नसो. नंतर बदललीत तर बदलाचा इतिहासही तिथे उघड असतो.

## टप्पा ६: पेशंट घेताना

संमती घेण्याची वेळ चुकते. कळा देणाऱ्या बाईकडून, किंवा ऑपरेशन थिएटरच्या दारात भुलीच्या संमतीसोबत "इथेपण सही करा" म्हणून घेतलेली सही कायद्याने चालेलही कदाचित, पण तिला संमती म्हणणं कठीण आहे. गरोदरपणाच्या तपासणीला येते तेव्हा विचारा. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी विचारा. शक्य असेल तर उपचार करणाऱ्या डॉक्टरऐवजी टीममधल्या दुसऱ्याने विचारावं. आपल्याकडे डॉक्टरला तोंडावर नाही म्हणणं पेशंटला जमत नाही.

सही, अंगठा आणि तारीख पेशंटच्याच हाताने. सह्यांच्या गठ्ठ्यावर एकाच पेनने एकाच अक्षरात घातलेल्या तारखा असल्या की ते नजरेत भरतं. एक प्रत पेशंटला द्या.

मधे काही बदललं, म्हणजे पेशंटची संख्या वाढवली, वयोमर्यादा बदलली, एक प्रश्न किंवा एक रक्तनमुना जास्त घेतला, तर आधी कमिटीकडे दुरुस्ती पाठवा, मंजुरी आली की बदल करा. औषध-उपकरणाच्या चाचणीत गंभीर दुष्परिणाम झाला, तर २४ तासांत कमिटीला कळवा. मंजुरीची मुदत संपत आली की नूतनीकरण करा. मुदत संपल्यानंतर गोळा केलेली माहिती बिनपरवाना ठरते.

## टप्पा ७: ओळख पुसणे

नाव काढलं की झालं, असं वाटतं. होत नाही.

एक्सेलची शीट दोन भागांत करा. एकात नाव, केसपेपर नंबर, फोन आणि तुम्ही दिलेला कोड; दुसऱ्यात कोड आणि माहिती. पहिली फाइल पासवर्डखाली, एकाच संगणकावर. जर्नलने डेटा मागितला तर जाते ती दुसरी. व्हॉट्सॲपवर "सर, मास्टर चार्ट" म्हणून नावांसकट गेलेली फाइल परत बोलावता येत नाही.

गूगल फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय बंद आहे ना, ते पाहा. फॉर्म निनावी आहे म्हणायचं आणि पहिल्या रकान्यात ईमेलची यादी बाळगायची, हे सर्रास चालतं.

आता चित्रं. एक्स-रे आणि सीटीच्या कोपऱ्यात नाव असतं. ईसीजीच्या पट्टीवर असतं. सोनोग्राफीच्या फोटोवर नाव, वेळ, सेंटर सगळं असतं. फोटोवर काळी पट्टी नुसती ठेवली आणि फाइल तशीच पाठवली, तर पट्टी बाजूला सरकवता येते. फोटो कापूनच घ्या. डोळ्यांवर पट्टी लावली म्हणजे माणूस ओळखू येत नाही, हा समज तर जुनाच. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने ही पद्धत पुरेशी नाही असं स्पष्ट म्हटलंय. आणि आपल्याकडची एक खास गोष्ट: त्वचारोगाच्या फोटोत हातावरचं गोंदण. गावाकडच्या कितीतरी बायकांच्या हातावर नाव गोंदलेलं असतं. व्रण टिपताना नावही टिपलं जातं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याहून अवघड म्हणजे तुकड्यातुकड्यांनी उघडी पडणारी ओळख. "अमुक तालुक्यातील ३४ वर्षांची आशा सेविका, जुलैमध्ये दाखल, जुळी मुलं, दुर्मिळ आजार." नाव नाही, तरी त्या तालुक्यात ती कोण हे सगळ्यांना कळतं. तालुक्याऐवजी "पश्चिम महाराष्ट्रातील जिल्हा", वयाऐवजी "तिशीतली", व्यवसाय आजाराशी जोडलेला नसेल तर गाळा. पण पेशंट ओळखू येऊ नये म्हणून खोटं वय किंवा खोटं लिंग लिहू नका. तो वैज्ञानिक पुरावा बिघडवणं झालं. एचआयव्हीच्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने गुप्ततेचं बंधन आहेच, पण टीबी, वंध्यत्व, मानसिक आजार यांतही हीच काळजी घ्या.

केस रिपोर्ट किंवा ओळखू येईल असा फोटो असेल, तर वेगळी, छापण्यासाठीची लेखी संमती घ्या. उपचारांची किंवा ऑपरेशनची संमती इथे चालत नाही. पेशंटला सांगा की हे इंटरनेटवर येईल, कुणालाही दिसेल, एकदा आलं की पुसता येणार नाही. छापायचा मजकूर आणि फोटो दाखवा. इंग्रजी असेल तर मराठीत समजावून सांगा. पेशंट दगावला असेल तर जवळच्या नातेवाइकाची संमती. ही सही डिस्चार्जच्या आधी घ्या, कारण सहा महिन्यांनी तो फोन नंबर लागत नाही.

> सावध: अख्ख्या समूहाचीही ओळख असते. एखाद्या पाड्याचं नाव देऊन "इथे सिकलसेलचं प्रमाण जास्त" असं छापलं, तर त्या पाड्यातल्या मुलींच्या लग्नाच्या बोलण्यांवर परिणाम होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनांबद्दल लिहायचं असेल, तर तांड्याचं नाव छापून विज्ञानात काय भर पडणार आहे, हे स्वतःला विचारा.

## टप्पा ८: लेखकांची नावं

चार अटी आहेत आणि चारही पूर्ण व्हायला हव्यात: कल्पना, रचना, माहिती गोळा करणं किंवा विश्लेषण यांत खरा वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्यात भरीव सुधारणा करण्यात वाटा; अंतिम मजकुराला मान्यता; आणि पूर्ण कामाची जबाबदारी घेण्याची तयारी. विभागप्रमुखपद ही पाचवी अट नाही. डीनचं नाव "आदराने" घालू नका. निधी मिळवून देणं, मशीन वापरू देणं, पेशंट पाठवणं यांसाठी आभार आहेत, आणि आभारातही ज्याचं नाव घालायचं त्याला विचारून.

उलटी बाजूही बघा. ज्या संख्याशास्त्रज्ञाने विश्लेषण करून निकालाचा भाग लिहून दिला, त्याला चार पैसे देऊन नाव गाळलं जातं. ज्या रेसिडेंटचा थिसिस आहे, ती पास होऊन गेली की तिचं नाव तिसऱ्या जागी सरकतं. हे दोन्ही गैर आहे. टप्पा २ मधला सह्यांचा कागद इथे काढा.

वरिष्ठांना "सर, तुमचं नाव घालता येणार नाही" असं सांगणं कुठल्याही कनिष्ठाला सोपं नाही. त्यावर एक व्यवहारी तोड: प्रत्येक लेखकाने नेमकं काय केलं ते लिहायचा रकाना बऱ्याच जर्नलमध्ये सक्तीचा असतो. तो फॉर्म सरांसमोर ठेवा आणि त्यांच्या नावापुढचा रकाना त्यांनाच भरायला सांगा. पुष्कळदा प्रश्न तिथेच सुटतो.

चॅटबॉटला लेखक करता येत नाही, कारण तो जबाबदारी घेऊ शकत नाही. भाषा सुधारायला वापरला असेल तर ते निबंधात सांगा. पेशंटची माहिती अशा साधनात टाकू नका.

## टप्पा ९: मजकुरातली निवेदनं

"नैतिक मंजुरी घेतली होती" एवढं वाक्य पुरत नाही. पद्धतीच्या भागात इतकं हवं:

*"या अभ्यासाला … संस्थेच्या एथिक्स कमिटीने मंजुरी दिली (क्रमांक …, दिनांक …). चाचणीची नोंदणी पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयकडे झाली (क्रमांक …, दिनांक …). सर्व सहभागींकडून मराठीत लेखी संमती घेतली. १२ ते १८ वयोगटातील सहभागींचा लेखी होकार आणि पालकांची संमती घेतली."*

संमती माफ झाली असेल तर "कमिटीने संमतीतून सूट दिली" असं, कारणासह. हेलसिंकी जाहीरनाम्याचा (माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची जागतिक नैतिक तत्त्वं) उल्लेख करणार असाल, तर तो २०२४ मध्ये सुधारला गेलाय हे लक्षात घ्या. जुन्या थिसिसमधून उतरवलेलं २००८ चं वाक्य तसंच ठेवू नका.

मग कागदावर पाच तारखा एकाखाली एक मांडा: मंजुरी, नोंदणी, पहिला सहभागी, शेवटचा सहभागी, मंजुरीची मुदत. क्रम बिघडलेला दिसला, तर संपादकाने विचारण्याआधी तुम्हीच निबंधात खरं काय झालं ते लिहा. तारीख "जुळवून" घेतली, तर नुसती चूक असलेला अभ्यास फसवणूक ठरतो आणि त्यापुढे सुटका नाही.

हितसंबंध आणि निधी हे दोन रकाने "नाही" लिहून मोकळे होऊ नका. कंपनीने औषधाच्या पट्ट्या फुकट दिल्या? लिहा. त्याच कंपनीच्या परिषदेला गेला होता? लिहा. जाहीर केलेल्या हितसंबंधांमुळे निबंध सहसा परत येत नाही.

निबंधात काय काय लिहायला हवं याची तपासयादी अभ्यासाच्या प्रकारानुसार भरा: चाचणीला कन्सॉर्ट (२०२५ ची नवी आवृत्ती), निरीक्षणाला स्ट्रोब, केस रिपोर्टला केअर. ती शेवटी भरण्यापेक्षा लिहिताना शेजारी ठेवली तर निम्मे प्रश्न उठतच नाहीत.

## टप्पा १०: पाठवणे आणि त्यानंतर

एका वेळी एकच जर्नल. एकाच थिसिसचे वयोगट पाडून तीन निबंध करू नका. खरोखर वेगळा प्रश्न असेल तर दुसऱ्या निबंधात पहिल्याचा उल्लेख करा. थिसिसमधले परिच्छेद वापरताना साहित्य-आढाव्यातली दुसऱ्यांची वाक्यं तुमच्यासोबत येतात, ती आधी शोधा.

"७२ तासांत स्वीकृती" असा मेल आला तर उत्तर देऊ नका. पदोन्नतीची घाई कितीही असो, समीक्षा न करणाऱ्या जर्नलमध्ये पेशंटनी दिलेला वेळ आणि रक्त वाया जातं. तसंच, निकाल नकारात्मक आला म्हणून निबंध कपाटात ठेवू नका. ते निकालही जाहीर करणं संशोधकाचं कर्तव्य आहे असं हेलसिंकी जाहीरनामा सांगतो, आणि तेच औषध दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा कुणीतरी पन्नास जणांवर करून पाहणार असतं.

छापून आल्यावर चूक सापडली, तर स्वतः संपादकांना लिहा आणि दुरुस्ती छापायला सांगा. सही केलेली संमतीपत्रं, मूळ प्रश्नावल्या आणि कोडची फाइल संस्थेकडे, पावती घेऊन, जमा करा. पास होताना हॉस्टेलच्या खोलीत सोडून जाऊ नका. सीटीआरआयवरची नोंद "पूर्ण" करा. कमिटीला अंतिम अहवाल द्या, सोबत निबंधाची प्रत. आणि ज्या गावात किंवा ओपीडीत काम केलं, तिथे एका पानाचं मराठी टिपण पाठवा: काय शोधत होतो, काय सापडलं, आता काय करावं. हे टिपण लावण्याआधी टप्पा ७ ची चाळण त्यालाही लावा. निबंध पाड्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, पण ग्रामपंचायतीच्या फळ्यावरचं टिपण सगळे वाचतात.